कान बंद नव्हता, उघडा राहिला होता!



ऊस विकास विभागाचे पान म्हटल्यावर आपण खोडव्याची मशागत, नाही तर हुमणीचा बंदोबस्त वाचायला मिळेल असे धरून चालला असाल. ते पुढच्या अंकात जरूर देऊ. या खेपेला मात्र आम्ही कानाविषयी लिहिणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. शेतकीची पदविका आणि वीसेक वर्षे आपल्या बांधावरून हिंडणे, एवढेच आमचे भांडवल. पण जे आमच्या अंगावरून गेले, आणि पुढे आपल्याच एका सभासदाच्या घरात पाहायला मिळाले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. दवाखान्याची बाजू आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून समजून घेतली आहे, तीच आपल्या भाषेत मांडतो.

आधी एक उसातली गोष्ट. ऊस पिवळा दिसला की आपल्यापैकी बरेच जण काय करतात? युरियाचे पोते फोडतात. चुनखडीच्या रानात तो केवडा असतो, त्याला लोह हवे असते. पाणथळ रानात मुळ्या गुदमरलेल्या असतात, तिथे पाणी तोडायचे असते. पण वरून दिसायला सगळेच पिवळे. निदान चुकले की औषधच रोग वाढवते. कानाच्या बाबतीत आमचे नेमके हेच झाले.

आमच्यावर काय बेतले

दोन वर्षांपूर्वी ऐन गाळप हंगामाच्या तोंडावर आम्हाला कावीळ झाली. दोन महिन्यांत वजन अकरा किलोंनी उतरले. कावीळ बरी झाली आणि आम्ही कामावर हजर झालो. एका गावी चावडीत तोडणी कार्यक्रम वाचून दाखवत होतो, तोच आमचाच आवाज आमच्या डाव्या कानात घुमू लागला. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावे, तसा. थांबलो तर श्वासाचा आवाज, लोहाराचा भाता चालावा तसा आत-बाहेर, आत-बाहेर. समोरचा सभासद काय विचारतो तेच नीट कळेना.

पुढे हे रोजचेच झाले. सकाळी उठल्यावर ठीक. प्लॉट फिरू लागलो, घाम आला, दुपार झाली की कान दडा बसल्यासारखा होऊन आवाज सुरू. घरी येऊन खाटेवर आडवे झालो की पाच-दहा मिनिटांत सारे गायब. एक खोड मात्र आपोआप लागली. जोरात नाक आत ओढले की क्षणभर कान मिटायचा. मग दिवसभर तेच. घरातून बोलणी बसू लागली, "अहो, सारखं नाक काय ओढता? चार माणसांत बरं दिसतं का ते?"

आवाज घुमतो म्हणून आम्ही हळू बोलू लागलो. लोकांना वाटले, साहेब काहीतरी लपवतात. बैठका टाळू लागलो, तर म्हणाले, साहेबांना शिष्टपणा आला. कुणाला काय सांगावे? माझाच श्वास मला ऐकू येतो म्हणावे, तर लोक डोक्यावर परिणाम झाला म्हणतील, ही धास्ती.

एका दवाखान्यात गेलो. "कान बसलाय, सर्दी आत अडकली आहे," असे सांगून नाक मोकळे करणारे थेंब व गोळ्या मिळाल्या. नाक दाबून कानात हवा भरायला सांगितले. मनापासून केले. आठ दिवसांत आवाज दुप्पट झाला. मोठ्या दवाखान्यात गेलो, तर तिथे टेबलावर निजवून कान पाहिला आणि "कानात काहीच नाही" म्हणून परत पाठवले. निजल्यावर त्रास जातोच, मग दिसणार काय?

शेवटी दुसऱ्या एका ठिकाणच्या बाह्यरुग्ण विभागात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, "काका, निजू नका, बसूनच राहा. आधी दोनदा जिना चढून-उतरून या." तसे केले. मग उजवी नाकपुडी बंद करून डावीने जोरात श्वास घ्यायला लावला आणि दुर्बिणीतून डावा कान पाहिला. "हा बघा, पडदा श्वासाबरोबर हलतोय," असे म्हणून त्यांनी ते चित्र पडद्यावर आम्हालाही दाखवले. बेडकाचा गळा जसा आत-बाहेर होतो, हुबेहूब तसे. त्या म्हणाल्या, "तुमचा कान बंद नाही. उघडा राहिलाय."

ही नळी आहे तरी काय?

कानाच्या पडद्यामागे हवेची एक बारीक पोकळी असते. तिथून नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उतरणारी एक नळी असते. मोठ्या माणसात ती सुमारे ३५ मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाच्या आतबाहेर लांब. सोळाव्या शतकातील बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. आपल्या शाळेच्या पुस्तकात ती कंठकर्णनलिका म्हणून येते. कानाकडचा तिचा एक तृतीयांश भाग हाडाचा आणि घशाकडचा दोन तृतीयांश कूर्चेचा, म्हणजे लवचिक.

ही नळी एरवी मिटलेली असते. हे ध्यानात ठेवा, कारण सगळी गोम इथेच आहे. घोट गिळला, जांभई दिली की टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात, आतबाहेरचा दाब सारखा होतो आणि ती पुन्हा मिटते. पाटाचे दारे जसे आपली पाळी आली की फोडायचे आणि रान भिजले की लगेच बुजवायचे, तसेच. सर्दीत नळी सुजून उघडेनाशी होते, तेव्हा कान खरोखर बसतो. तो नेहमीचा आजार, सर्वांना ठाऊक. पण दारे बुजवायचेच राहून गेले तर? घशातला आवाज आणि श्वासाची हवा सरळ नळीतून कानाच्या पडद्यावर आदळते. आपलेच बोलणे आपल्याला ढोलासारखे ऐकू येते. गंमत अशी, की बसलेला कान आणि उघडा राहिलेला कान, दोन्हीत रोगी एकच वाक्य बोलतो, "कान दडा बसल्यासारखा वाटतो."

हा रोग काही नवा नाही. १८६४ साली श्वार्त्झे या जर्मन डॉक्टराने श्वासाबरोबर हलणारा पडदा नोंदवून ठेवला आहे. १८६७ साली जेम्स जॅगो या इंग्रज डॉक्टराने याविषयी लिहिले आहे. निरनिराळ्या पाहण्यांत शंभरातील ०.३ ते ६.६ माणसांत नळी अशी उघडी राहते असे आढळले. त्यांतील थोड्यांनाच दवाखाना गाठण्याइतका त्रास होतो.

दारे मिटत का नाही?

नळीच्या बाजूला चरबीची एक छोटी गादी असते. ती नळीला दाबून मिटलेली ठेवते. माणूस झपाट्याने वाळला की ही गादीही झिजते. फूटव्हॉल्व्हचे चामडे झिजले की पाणी टिकत नाही, त्यातलाच प्रकार. म्हणून वजन एकाएकी घटणे हे याचे सर्वांत ओळखीचे कारण आहे. मग ते आजाराने घटो, उपासाने घटो, की वजन उतरवण्याच्या औषधाने वा शस्त्रक्रियेने घटो. त्याखेरीज गरोदरपण, संप्रेरकांच्या गोळ्या, अंगातील पाणी कमी होणे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, नाकामागच्या भागाला दिलेला किरणोपचार, पक्षाघातासारखे नसांचे व स्नायूंचे आजार, हीही कारणे असतात. बऱ्याच रोग्यांत काहीच कारण सापडत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. वजन का घटले हे माहीत नसेल, तर आधी त्याचा शोध घ्या. मधुमेह, क्षय, थायरॉईड, यांपैकी काही आत दडलेले असू शकते. कान हे निमित्त असते. शेंड्यावर दिसणारा रोग कधी कधी मुळाशी असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

ओळखावे कसे?

१) आपलाच आवाज आणि मुख्य म्हणजे आपलाच श्वास कानात मोठ्याने ऐकू येतो.

२) उभे राहून काम करताना, चालताना, घाम गेल्यावर, दिवस चढेल तसा त्रास वाढतो.

३) आडवे झाल्यावर, किंवा बसून डोके दोन गुडघ्यांच्या मध्ये खाली घातल्यावर थोड्याच वेळात आराम पडतो. डोके खाली गेले की तिथल्या शिरांत रक्त भरते, नळीचे अस्तर फुगते आणि नळी मिटते.

४) नाक आत ओढले की क्षणभर बरे वाटते.

५) सर्दी झाली की लोकांचा कान बिघडतो, याचा उलट सुधारतो.

डॉक्टरांकडे गेलात की या पाच गोष्टी न विचारता सांगा. आणि तपासणी बसूनच करा, असे नम्रपणे म्हणा. सकाळी त्रास नसेल तर चालून-फिरून, त्रास सुरू झाल्यावर जा.

बाह्यरुग्ण विभागात यासाठी भरती व्हावे लागत नाही. पडदा पाहणे, कानात बोंडी बसवून पडद्याची हालचाल कागदावर उतरवणारी तपासणी, ऐकण्याची तपासणी, गरज पडल्यास नाकातून दुर्बीण, एवढ्यावर बहुतेक उलगडा होतो. आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नळीवरचे हाड विरळ झाले तरी आवाज घुमतो, पण त्यात मोठ्या आवाजाने चक्कर येते, कधी डोळे हलवल्याचाही आवाज ऐकू येतो, आणि निजून फरक पडत नाही. तशी शंका आली तर सीटी स्कॅन काढतात. एकाच कानाने कमी ऐकू येणे, कान वाहणे, नाकातून रक्त, मानेत गाठ, चक्कर, तोंड वाकडे होणे, यांपैकी काही असेल तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये.

उपचार : आधी सोपे, मग अवघड

आमच्या डॉक्टरीणबाईंनी पहिले औषध दिले ते शब्दांचे. "हा जिवाला धोका असलेला रोग नाही, आणि तुम्हाला वेडबीड काही लागलेले नाही." खरे सांगतो, निम्मे दुखणे तिथेच उतरले. पुढचे असे.

बंद करायचे ते : नाक मोकळे करणारे थेंब व गोळ्या. त्या अस्तर आकसवतात, म्हणजे दारे आणखी रुंद करतात. नाक दाबून कानात हवा भरणेही बंद. चहा-कॉफी कमी. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने तोडू नका. ज्यांनी दिल्या त्यांनाच विचारा.

नाक ओढणे सोडायचे : ही खोड दिसते साधी, पण घातक आहे. दर वेळी पडदा आत खेचला जातो. वर्षानुवर्षे असे झाले तर पडदा आत बसतो आणि त्याच्या खाचेत हाड कुरतडणारा कोलेस्टिएटोमा नावाचा रोग होऊ शकतो. त्याला शस्त्रक्रियाच लागते. आराम हवा तर नाक ओढण्याऐवजी डोके खाली घाला.

पाणी आणि वजन : दिवसभर थोडे थोडे पाणी प्या. शेतावर जाताना कळशी बरोबर असू द्या. घटलेले वजन साध्या भाकरी-डाळ-दुधाने हळूहळू परत येऊ द्या. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा आजार असेल त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच वाढवावे.

मिठाच्या पाण्याचे थेंब : औषधाच्या दुकानात ०.९ टक्क्याचे तयार निर्जंतुक थेंब मिळतात. डोके मागे व त्रासाच्या कानाकडे कलते करून, डॉक्टर दाखवतील तसे नाकात सोडायचे, म्हणजे ते नळीच्या तोंडापर्यंत पोहोचतात. विहिरीचे, पाटाचे वा नळाचे कच्चे पाणी नाकात कधीही घालू नये. त्यातून क्वचित मेंदूला जीवघेणा संसर्ग होतो.

एवढ्यावर पुष्कळांचे भागते. भागले नाही तर तज्ज्ञ नळीचे अस्तर थोडे फुगवणारी नाकातली औषधे देऊन पाहतात. काही जण पडद्यावर कागदाचा किंवा चिकटपट्टीचा बारीकसा तुकडा बसवतात. त्याने पडदा जड होतो, श्वासाबरोबर हलायचा थांबतो आणि घुमणे कमी होते. हे बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होते आणि नको वाटले तर तुकडा काढताही येतो. पडद्याला छिद्र पाडून छोटी नळी बसवण्याचाही उपाय आहे. काहींना गुण येतो, काहींना येत नाही.

क्वचित कुणाला यापुढे जावे लागते. नळीच्या तोंडाशी भरणी करतात, आत बारीक नळी अडकवतात, टाके घालून तोंड अरुंद करतात. जपानात सिलिकॉनचे छोटेसे बूच वापरतात. पण यांतील कशाच्याही मोठ्या तुलनात्मक चाचण्या फारशा झालेल्या नाहीत, म्हणून घाई करू नये. घाईचा एक धडा इतिहासात आहे. १९६७ साली अमेरिकेत नळीच्या बाजूला टेफ्लॉनची लुगदी टोचण्याचा उपाय पुढे आला. गुण यायचा. पण नळीला लागूनच मेंदूला रक्त नेणारी मोठी रोहिणी असते. सुई चुकून तीत गेल्याने माणसे दगावली, आणि तो उपाय मागे पडला. आधी पाणी, वजन, थेंब आणि धीर, मग बाकीचे.

आमचे स्वतःचे म्हणाल तर तुकडासुद्धा लावावा लागला नाही. थेंब, पाणी आणि चार महिन्यांत परत आलेले सात किलो वजन, यावर कान ताळ्यावर आला. आजही एकादशीचा कडक उपास झाला की दुपारी थोडे घुमते. मग आम्ही उसाच्या सावलीत बसून डोके खाली घालतो. कुणी विचारले तर सांगतो, मुळ्या बघतोय!

हे लिहायचे खरे कारण

मागच्या वर्षी एक सभासद ऊस नोंदीसाठी गट ऑफिसला आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "साहेब, नोंदीचं राहू द्या. सूनबाईचं काही खरं नाही." सून पहिल्या बाळंतपणाची. सातव्या महिन्यापासून म्हणत होती, माझ्या डोक्यात कुणीतरी श्वास घेतंय. बाळंत झाली, अंगावर पाजती, पार वाळली, आणि त्रास तसाच. देवऋषी झाला, अंगारा झाला. माहेरी पोचवायचे बोलणे चालले होते.

आम्ही एकच विचारले, "आण्णा, आडवी झाली की थांबतं का?"

"तेच तर, साहेब! निजली की बरी असते. कामाला उभी राहिली की सुरू. घरातले म्हणतात, सोंग करते."

आमच्या अंगावर काटा आला. जी खूण रोगाची, तीच तिच्यावर आरोप म्हणून लावली जात होती. दुसऱ्याच दिवशी त्यांना त्याच बाह्यरुग्ण विभागात धाडले. सोबत सासरे स्वतः गेले. डॉक्टरीणबाईंनी पडद्याचे चित्र त्यांनाही दाखवले. परत आल्यावर ते ऑफिसच्या पायरीवर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोर खरं सांगत होती, आणि आम्ही..." पुढे बोलवेना. गरोदरपणातला हा त्रास बहुतेकींचा पुढे आपोआप निवळतो. हिला पोटभर खाणे, पाणी, थेंब आणि घरच्यांचा विश्वास, एवढेच लागले. तीन महिन्यांत बरी झाली.

तेव्हा बंधु-भगिनींनो, आपल्या घरात, आपल्या रानात राबणाऱ्या माणसांत, किंवा अड्ड्यावरच्या तोडणी टोळीत कुणी म्हणाले की माझा आवाज मला घुमतो, माझा श्वास मला ऐकू येतो, तर हसू नका आणि भुताखेताकडे नेऊ नका. निजल्यावर थांबतो का, एवढे विचारा. थांबत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा, आणि जाताना त्याच्या खिशातले नाक मोकळे करायचे थेंब काढून घ्या.

पिवळ्या उसाला न बघता युरिया नको, आणि दडा बसल्यासारख्या कानाला न बघता थेंब नकोत. पुढील अंकी खोडव्याविषयी, ठरल्याप्रमाणे.



आपला,
ऊस विकास अधिकारी